लाभांश म्हणजे व्याज नव्हे: तेल कंपन्यांच्या शेअरमध्ये पहिले दहा हजार

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात शिलकीचा पैसा कुठे ठेवायचा याची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत: सोसायटीतली ठेव, भिशी, सोने आणि थोडी ऐपत असेल तर शहराच्या कडेला एखादा प्लॉट. गेल्या काही वर्षांत त्यात शेअर बाजाराची भर पडली आहे. उसाचे बिल जमा झाले किंवा रताळ्याच्या हंगामाचे पैसे हाती आले की घरातली तरुण मुले मोबाईलवर डीमॅट खाते, म्हणजे शेअर संगणकीय नोंदीत ठेवण्याचे खाते, उघडतात आणि ‘सरकारी तेल कंपन्या वर्षाला सहा-सात टक्के देतात, शिवाय शेअर आपलाच राहतो’ हे वाक्य कुठेतरी ऐकून पहिली खरेदी करतात. मला काळजी वाटते ती या वाक्यातल्या ‘देतात’ या शब्दाची, कारण तो ऐकणारा माणूस मनातल्या मनात त्याचे ‘व्याज’ करून टाकतो.

मिळतो तो लाभांश, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला भागधारकाचा हिस्सा. आपल्याकडच्या शेतकऱ्याला व्याज आणि लाभांश यांतला फरक फार समजावून सांगावा लागू नये. जमीन खंडाने दिली तर पाऊस पडो वा न पडो, ठरलेली रक्कम मिळते. वाट्याने दिली तर जे पिकेल त्यातला हिस्सा मिळतो आणि पिकलेच नाही तर काही मिळत नाही. ठेवीवरचे व्याज हा खंड आहे आणि लाभांश हा वाटा आहे. दहा हजार रुपयांची पहिली गुंतवणूक डोळ्यांसमोर ठेवून, कागदपत्रांपासून विक्रीपर्यंतच्या पायऱ्या मी याच फरकाच्या आधाराने मांडतो आहे. कंपन्यांची नावे समजुतीसाठी घेतली आहेत, ती खरेदीची शिफारस नाही. नफ्याचे आणि लाभांशाचे आकडे २०२४-२५ या आर्थिक वर्षापर्यंतचे आहेत, तेव्हा खरेदीपूर्वी त्यानंतरचे आकडे प्रत्येकाने स्वतः पाहून घ्यावेत.

पहिली पायरी: पैसे कोणते वापरायचे

जे पैसे पुढची पाच वर्षे लागणार नाहीत, तेवढेच या कामाला घ्यावेत. पेरणीचा खर्च, जून महिन्यातली मुलांची फी आणि आजारपणासाठी राखलेली शिल्लक यांना हात लावू नये. घरात सोनेतारण कर्ज चालू असेल तर आधी ते फेडावे, कारण त्या कर्जाचे व्याज लाभांशाच्या उत्पन्नापेक्षा बहुधा जास्तच असते. अडीअडचणीची रक्कम बँकेत असावी. बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेतल्या किंवा सौहार्द सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो, आणि आपल्या भागात हा भेद पुष्कळांना उशिरा कळतो.

दुसरी पायरी: ‘तेल कंपनी’ हा एक धंदा नाही, हे ओळखणे

कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या गाड्या टाकी भरून घेताना दिसतात, कारण गेली काही वर्षे कर्नाटकातले इंधन सीमेपलीकडच्यापेक्षा स्वस्त राहिले आहे. दोन पंपांवर एकाच कंपनीची पाटी असते, तेलही बहुधा एकाच प्रकारचे असते, तरी लिटरमागे काही रुपयांचा फरक पडतो. हा फरक मुख्यतः दोन राज्यांच्या विक्रीकराचा आहे, कंपनीच्या नफ्याचा नाही. पंपावरचा भाव आणि कंपनीचा नफा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या सीमेवरच्या माणसाला रोज डोळ्यांना दिसते. तरीही ‘पेट्रोल महागले म्हणजे तेल कंपन्यांची चांदी’ असा समज घट्ट आहे. तो समज सोडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तेलाच्या धंद्यात निदान तीन वेगळी कामे आहेत. पहिले काम जमिनीतून किंवा समुद्रातून कच्चे तेल आणि वायू काढण्याचे. ओएनजीसी ही १९५६ साली स्थापन झालेली संस्था त्यातली सर्वांत मोठी आहे आणि १९७४ मध्ये सापडलेले मुंबई हाय हे तिचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. आसामातली ऑईल इंडिया ही दुसरी. जगात कच्च्या तेलाचा भाव वाढला की या कंपन्यांचा माल महाग विकला जातो, म्हणून त्यांचा नफा सर्वसाधारणपणे वाढतो. दुसरे काम कच्चे तेल विकत घेऊन त्याचे पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस करून विकण्याचे, आणि ते मुख्यतः इंडियन ऑईल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्थान पेट्रोलियम या तिघींकडे आहे. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते, त्यामुळे कच्चे तेल महागले आणि पंपावरचा भाव वाढवता आला नाही, तर या तिघींचे हाल होतात. तिसरे काम वायूच्या वाहतुकीचे आणि आयातीचे. गेल या सरकारी कंपनीची दाभोळ-बेंगळुरू वायुवाहिनी आपल्या बेळगाव जिल्ह्यातूनच जाते. पेट्रोनेट एलएनजी ही कंपनी दहेज आणि कोची येथे द्रवरूप वायू उतरवून घेते. या कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग वाहतुकीच्या आणि हाताळणीच्या आकारातून येत असल्याने त्यांचा लाभांश तुलनेने संथ चालीचा असतो. पेट्रोनेटने २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ या तिन्ही वर्षांसाठी शेअरमागे १० रुपयेच दिले.

२०२२ साल हे या सगळ्याचे जिवंत उदाहरण आहे. रशिया-युक्रेन युद्धानंतर मार्चमध्ये कच्चे तेल पिंपामागे १२० डॉलरच्या वर गेले, परंतु एप्रिलपासून पंपावरच्या भावातला रोजचा बदल थांबला. हिंदुस्थान पेट्रोलियमला २०२२-२३ या वर्षात ८,९७४ कोटी रुपयांचा तोटा झाला आणि त्या वर्षाचा लाभांश मिळाला नाही. त्याच काळात तेल काढणाऱ्या कंपन्यांच्या हाती जादा पैसा येऊ लागताच सरकारने १ जुलै २०२२ पासून त्यांच्या उत्पादनावर विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क बसवले, आणि ते डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाले. म्हणजे एका बाजूच्या कंपनीला तोटा सोसावा लागला आणि दुसऱ्या बाजूच्या कंपनीच्या नफ्याला मर्यादा पडली. सरकारी तेल कंपनीचा शेअर घेणाऱ्याने हे मनाशी धरून चालावे की या कंपन्यांचा सर्वांत मोठा भागीदार, थेट किंवा दुसऱ्या सरकारी कंपनीमार्फत, सरकारच आहे, आणि त्या भागीदाराला मतदाराच्या स्वयंपाकघराचाही विचार करावा लागतो.

स्वयंपाकघराचा उल्लेख सहज केलेला नाही. घरगुती सिलिंडर बराच काळ खर्चापेक्षा कमी किमतीला विकला गेला, त्याचा भार तेल शुद्ध करून विकणाऱ्या तिन्ही सरकारी कंपन्यांवर पडला आणि त्याची भरपाई म्हणून केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये ३०,००० कोटी रुपये मंजूर केले. आपल्या घरी येणारा स्वस्त सिलिंडर आणि आपल्या खात्यात येणारा कमी लाभांश हे एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत.

याच भागीदारीची दुसरी बाजूही आहे. सरकारला स्वतःच्या तिजोरीसाठी लाभांश हवा असतो, म्हणून सार्वजनिक कंपन्यांनी करानंतरच्या नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा किमान लाभांश द्यावा, अशी नोव्हेंबर २०२४ मधील मार्गदर्शक सूचना आहे. खासगी कंपनीवर असे बंधन नाही. रिलायन्सचा तेलशुद्धीकरणाचा धंदा प्रचंड आहे, पण २०२४-२५ साठीचा तिचा लाभांश शेअरमागे ५ रुपये ५० पैसे होता आणि शेअरचा भाव हजार रुपयांच्या बराच वर होता. लाभांशासाठी शेअर घेणाऱ्याच्या दृष्टीने ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी झाले. आणखी एक मोह आपल्या राज्यातल्या कंपनीचा असतो. मंगळूरची एमआरपीएल ही तेलशुद्धीकरण करणारी ओएनजीसीची उपकंपनी आहे, पण २०१९-२० आणि २०२०-२१ या दोन्ही वर्षांत ती तोट्यात होती आणि तिच्या भागधारकांना काही मिळाले नाही. कंपनी जवळची आहे, हे तिचा शेअर घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

तिसरी पायरी: खाते, आणि नावाचे स्पेलिंग

डीमॅट आणि ट्रेडिंग (खरेदी-विक्रीच्या) खात्यासाठी पॅन, आधार, बँक खाते, आधारशी जोडलेला मोबाईल नंबर आणि सहीचा फोटो एवढेच लागते. कागदोपत्री हे अर्ध्या तासाचे काम आहे. आपल्या भागात मात्र ते तीन आठवडे रखडलेले मी पाहिले आहे, आणि कारण जवळपास दरवेळी एकच असते.

आमच्या शेजारच्या मावशींचे खाते उघडायला मी बसलो होतो. त्यांच्या आधार कार्डावर ‘लक्ष्मी’ हे नाव इंग्रजी ‘एक्स’ने लिहिलेले होते आणि पॅनवर तेच नाव ‘के-एस-एच’ने होते. आधारवर त्यांचे नाव आणि आडनाव एवढेच होते. पॅनवर मधे पतीचे नाव होते, तर बँकेच्या पासबुकावर माहेरचे नाव तसेच राहिले होते. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना एक अक्षर बदलते, मराठीतून थेट इंग्रजीत जाताना दुसरे बदलते, आणि संगणकाला या दोन वेगळ्या बाया वाटतात. आम्ही आधी टपाल कार्यालयातल्या आधार केंद्रात जाऊन आधारवरचे नाव पॅनप्रमाणे करून घेतले, मग बँकेत पासबुक दुरुस्त केले आणि त्यानंतरच अर्ज भरला. हाच क्रम ठेवावा. अर्ज आधी भरून तो नामंजूर झाल्यावर दुरुस्ती करायला गेलात, तर एकच काम दोनदा करावे लागते.

गावाच्या नावाने मात्र घाबरू नये. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या कागदांवर एक स्पेलिंग आणि नव्यांवर दुसरे असणार हे सर्वांना ठाऊक आहे. अर्जात आधारवर आहे तोच पत्ता अक्षरशः लिहावा म्हणजे झाले. मराठीतली सही पूर्ण ग्राह्य असते, फक्त ती पॅन कार्डावरच्या सहीसारखी असावी. ज्यांचे बँक खाते विलीनीकरणात दुसऱ्या बँकेकडे गेले आहे, त्यांनी नवा आयएफएससी कोड पासबुकावरून तपासून घ्यावा. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने कोड नंतर बंद झाले. जुना कोड डीमॅट खात्यात राहिला तर जाहीर झालेला लाभांश आपल्या खात्यापर्यंत पोहोचत नाही.

लहान रकमेच्या गुंतवणूकदाराने इथे एक गोष्ट हट्टाने मागून घ्यावी, ती म्हणजे मूलभूत सेवा डीमॅट खाते. साध्या डीमॅट खात्याचा वार्षिक आकार ३०० रुपये धरला तर करासह तो ३५४ रुपये होतो. दहा हजारांच्या शेअरवर चार टक्के लाभांश मिळाला तर ४०० रुपये येतील. म्हणजे वर्षभर थांबून हातात राहिले ४६ रुपये. मूलभूत सेवा खात्यात शेअरची किंमत चार लाख रुपयांपर्यंत असेल तर वार्षिक आकार शून्य असतो. मुख्य अट अशी की त्या व्यक्तीचे एकट्याच्या नावावर किंवा पहिले नाव तिचे असलेले दुसरे डीमॅट खाते नसावे. ब्रोकरचे, म्हणजे शेअर खरेदी-विक्री करून देणाऱ्या दलालाचे, ॲप हा पर्याय ठळकपणे दाखवतेच असे नाही, म्हणून तो शोधावा किंवा लेखी मागावा.

खाते उघडताना ‘फ्युचर्स आणि ऑप्शन्स’, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावल्यासारखे व्यवहार, सुरू करण्याविषयी विचारले जाते, तिथे नकार द्यावा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांनी पैसे गमावले. नॉमिनीच्या नोंदणीचा रकाना त्याच दिवशी भरावा. तो रिकामा राहिला तर उद्या घरच्यांना महसूल खात्याच्या नाड कचेरीतून वंशावळ काढण्यापासून सुरुवात करावी लागते, आणि त्या हेलपाट्यांचा खर्च दहा हजारांच्या शेअरला परवडणारा नसतो.

चौथी पायरी: लाभांशाचा इतिहास वाचणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत जास्त वगळली जाते. ॲपवर शेअरच्या नावापुढे ‘डिव्हिडंड यील्ड’ म्हणून एक टक्केवारी दिसते. गेल्या बारा महिन्यांत मिळालेला लाभांश भागिले आजचा भाव, एवढाच तिचा अर्थ आहे. पुढच्या वर्षी काय मिळेल याविषयी ती काहीही सांगत नाही.

इंडियन ऑईलचेच पाहा. २०२३-२४ मध्ये या कंपनीला ३९,६१९ कोटी रुपयांचा विक्रमी नफा झाला आणि त्या वर्षासाठी तिने शेअरमागे एकूण १२ रुपये दिले. जुलै २०२४ मध्ये शेअरचा भाव १७० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे पडद्यावर सात टक्के दिसत होते. त्या सात टक्क्यांकडे पाहून ज्याने जुलैच्या अखेरीस शेअर घेतला, त्याच्या खरेदीपूर्वीच त्या १२ रुपयांचे हक्क वाटून झाले होते. पुढच्या वर्षी नफा १२,९६२ कोटींवर आला आणि लाभांश ३ रुपये झाला. १७० रुपयांवर ३ रुपये म्हणजे पावणेदोन टक्के. कंपनीने कोणाला फसवले नाही. पीक कमी आले, म्हणून वाटा कमी आला.

यासाठी निदान सहा वर्षांचा लाभांश, शेअरमागे रुपयांत, वहीत उतरवून काढावा. ओएनजीसीचे आकडे असे आहेत: २०१९-२० साठी ५ रुपये, २०२०-२१ साठी ३ रुपये ६० पैसे, २०२१-२२ साठी १० रुपये ५० पैसे, २०२२-२३ साठी ११ रुपये २५ पैसे, आणि पुढच्या दोन्ही वर्षांसाठी १२ रुपये २५ पैसे. समजा तुमच्याकडे या सर्व काळात ४० शेअर असते, तर कोविडच्या वर्षाचे १४४ रुपये आले असते आणि २०२४-२५ चे ४९०. या दोन आकड्यांपैकी लहान आकडा आपल्या अपेक्षेचा पाया धरावा आणि मोठा आकडा आला तर आनंदाने घ्यावा. चांगल्या वर्षाचा आकडा पायाला धरणारा माणूस वाईट वर्षी शेअर विकतो, आणि वाईट वर्ष हीच विक्रीची सर्वांत वाईट वेळ असते.

हे आकडे काढताना बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) आणि विभाजन (एका शेअरचे दोन किंवा अधिक करणे) यांची नोंद पाहायला विसरू नये. भारत पेट्रोलियमने जून २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, त्यामुळे त्यापूर्वी शेअरमागे मिळालेले २१ रुपये लाभांशाचे आजच्या हिशेबाने साडेदहा होतात. ‘लाभांश निम्मा झाला’ म्हणून घाबरण्याचे आणि ‘पूर्वी एवढा मिळायचा’ म्हणून भुलण्याचे, दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

या बोनसचा परिणाम दीर्घ काळात किती होतो, तेही एकदा पाहू. मार्च २००४ मध्ये सरकारने ओएनजीसीचे शेअर ७५० रुपयांना विकले आणि लहान गुंतवणूकदारांना पाच टक्के सवलत दिली, म्हणजे १० शेअरचे ७,१२५ रुपये. २००६ मध्ये दोनास एक बोनस आला आणि दहाचे पंधरा झाले. २०११ मध्ये एका शेअरचे दोन झाले आणि त्यावर एकास एक बोनस मिळाला, म्हणजे साठ. २०१६ च्या अखेरीस पुन्हा दोनास एक, म्हणजे नव्वद. या नव्वद शेअरवर २०२४-२५ साठी १,१०२ रुपये ५० पैसे लाभांश मिळाला. ७,१२५ रुपयांवर वर्षाला अकराशे ही गोष्ट ऐकायला फार गोड आहे, म्हणून तिचा उरलेला अर्धा भागही सांगितला पाहिजे: त्यासाठी वीस वर्षे थांबावे लागले, आणि मध्ये मार्च २०२० मध्ये याच शेअरचा भाव ६० रुपयांच्याही खाली उतरला होता. अगदी अलीकडेही ऑगस्ट २०२४ मध्ये ३४० च्या वर गेलेला भाव एप्रिल २०२५ मध्ये २२० च्या खाली आला. १२ रुपये लाभांश घेणाऱ्याच्या भांडवलात आठ महिन्यांत शेअरमागे १२० रुपयांची घट झाली. ज्याला ही घट पाहून झोप लागणार नाही, त्याने बँकेतली ठेवच बरी समजावी, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष खरेदी

दहा हजार रुपये एका दिवशी एका शेअरमध्ये घालू नयेत. अडीच-अडीच हजारांचे चार भाग करावेत आणि ते चार महिन्यांत, शक्यतो दोन वेगळ्या धंद्यांत लावावेत: एक तेल काढणारी कंपनी आणि एक वायू वाहून नेणारी किंवा तेल शुद्ध करून विकणारी. २०२२ सालचा अनुभव लक्षात घेतला तर या दोन प्रकारांना एकाच वेळी सारखाच फटका बसत नाही, हे दिसते. यापेक्षा अधिक तुकडे करण्यात अर्थ नाही. शेअर विकताना ब्रोकर प्रत्येक कंपनीमागे साधारण १३ ते २० रुपये डीमॅट आकार घेतो, आणि हजार रुपयांच्या विक्रीवर वीस रुपये म्हणजे दोन टक्के गेले.

ऑर्डर टाकताना पडद्यावर तीन ठिकाणी लक्ष द्यावे. ‘डिलिव्हरी’ निवडावे, ‘इंट्राडे’ नव्हे, नाहीतर संध्याकाळपर्यंत शेअर आपोआप विकला जातो. ‘लिमिट’ निवडून आपल्याला परवडणारा भाव स्वतः लिहावा. आणि ‘थोडेच पैसे आता भरा, उरलेले नंतर’ अशा अर्थाचे बटण दिसले तर त्याला हात लावू नये, कारण ते व्याजाने मिळणारे कर्ज असते. खरेदीवर शेअर व्यवहार कर ०.१ टक्का, म्हणजे दहा हजारांवर दहा रुपये लागतो, आणि मुद्रांक शुल्क दीड रुपया. शेअर खरेदीनंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी डीमॅट खात्यात जमा होतात.

आता तारखेचा विषय. कंपनी लाभांश जाहीर करताना ‘रेकॉर्ड डेट’ सांगते. त्या दिवशी ज्याच्या डीमॅट खात्यात शेअर असेल त्याला लाभांश मिळतो, आणि शेअर जमा व्हायला एक दिवस लागत असल्याने खरेदी निदान एक कामकाजाचा दिवस आधी झालेली असावी लागते. रेकॉर्ड डेट मंगळवारी असेल तर सोमवारपर्यंत घेतलेल्या शेअरवर लाभांश मिळतो, मंगळवारी घेतलेल्यावर मिळत नाही. हे कळल्यावर प्रत्येक नव्या माणसाला एक युक्ती सुचते: सोमवारी घ्यायचा, लाभांश पदरात पाडायचा आणि नंतर विकून टाकायचा. माझी पहिली खरेदी मी याच विचाराने केली होती. शेअरचा भाव समजा २५० आणि लाभांश ६ रुपये. मंगळवारी सकाळी बाजार उघडतो तेव्हा भाव २४४ च्या आसपास असतो. ४० शेअरवर २४० रुपये लाभांश मिळाला आणि तेवढेच रुपये भांडवलातून गेले, वर लाभांशावर कर आणि विक्रीवर आकार. कंपनीच्या पेटीतून पैसा बाहेर गेला की कंपनीची किंमत तेवढी कमी होणारच. म्हणून तारीख पाहून खरेदी करू नये. भाव आणि कंपनी पाहून करावी, आणि तारीख फक्त पैसे कधी येतील हे समजण्यासाठी माहीत असावी. जाहीर झालेला लाभांश कंपनीला ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. अंतरिम, म्हणजे वर्ष संपण्यापूर्वी दिलेले, लाभांश साधारणपणे नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या सुमाराला येतात, अंतिम लाभांश वार्षिक सभेनंतर, म्हणजे पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो.

सहावी पायरी: कर आणि कागद

१ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या हाती करपात्र आहे. एका कंपनीकडून एका वर्षात मिळालेला लाभांश १०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर त्यातून १० टक्के कर आधीच कापला जातो. आपल्या रकमेला ही मर्यादा लागू होण्याची शक्यता नाही. पॅन आणि आधार जोडलेले नसतील तर मात्र ही कपात दुप्पट दराने होते. शेतकरी वाचकांसाठी विशेष सांगावेसे वाटते की शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी लाभांश त्यात मोडत नाही. तो ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून विवरणपत्रात दाखवावा लागतो, भले त्यावर प्रत्यक्ष कर शून्य येवो. शेअर विकून नफा झाला तर वर्षाच्या आत २० टक्के आणि वर्षानंतर, सव्वा लाख रुपयांच्या वरच्या नफ्यावर, साडेबारा टक्के असा दर आहे.

सात वर्षे न घेतलेला लाभांश, आणि त्याच्यासोबत ते शेअरही, केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तिथून ते परत मिळतात, पण त्यासाठी लागणारी कागदपत्रे जमवताना माणूस थकून जातो. म्हणून डिपॉझिटरीकडून, म्हणजे आपल्या शेअरच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडून, येणारे एकत्रित पत्रक उघडून वाचावे. सीडीएसएल या डिपॉझिटरीने २०२५ पासून हे पत्रक २३ भारतीय भाषांत देण्याची सोय केली आहे. ज्या भागात घरातल्या ज्येष्ठांना सरकारी कागद मराठीत मिळणे अवघड होऊन बसले आहे, तिथे आपल्या शेअरचा हिशेब तरी मराठीत मागून घ्यावा, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

फसवणुकीविषयी थोडक्यात: व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरच्या गटात कोणी तेल कंपनीचा ‘खात्रीचा’ लाभांश, दामदुप्पट किंवा बाजारभावापेक्षा स्वस्त शेअर देऊ करत असेल तर तो गट सोडावा. ब्रोकरचा सेबी नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासावा आणि पैसे व्यक्तीच्या खात्यावर कधीही पाठवू नयेत. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. ब्रोकरविषयी तक्रार असेल तर सेबीची ‘स्कोअर्स’ ही व्यवस्था आणि १८०० २२ ७५७५ हा निःशुल्क क्रमांक आहे.

सातवी पायरी: केव्हा विकायचे

खरेदीच्या दिवशीच वहीत तीन ओळी लिहाव्यात: हा शेअर मी का घेतला, सहा वर्षांतला सर्वांत कमी लाभांश किती होता, आणि कोणत्या कारणाने मी तो विकेन. भाव पडला हे कारण त्यात नसावे. कंपनीने सलग दोन वर्षे लाभांश दिला नाही, कर्ज काढून लाभांश दिल्याचे वार्षिक अहवालात दिसले, सरकारने आपला हिस्सा विकून मालकी बदलली, किंवा घरात खरीच निकड आली, ही कारणे असू शकतात. मिळालेला लाभांश पहिली काही वर्षे खर्च न करता त्याच खात्यात ठेवावा आणि एका शेअरपुरते पैसे साठले की एक शेअर घ्यावा. मावशींच्या वहीत पहिली नोंद १० शेअरची आहे. पहिल्या लाभांशाच्या १२० रुपयांत त्या वेळी अर्धा शेअरसुद्धा येत नव्हता, म्हणून ती रक्कम त्यांनी पेन्सिलीने समासात लिहून ठेवली आहे, पुढच्या लाभांशात मिळवण्यासाठी.